‘घेतला’ म्हटल्याशिवाय उठू नये

मोठ्या अधिवेशनाला पहिल्यांदा जाणाऱ्याने नवे बूट घालून जाऊ नये. ही सूचना सगळ्यात वर लिहितो, कारण पुढचं लिहिताना माझं डोकं तापणार आहे आणि मग बुटांचं राहून जाईल.

आमच्या वसाहतीच्या मंडळाचा दिवाळी अंक काढणाऱ्या विद्याताईंनी मला हा विषय दिला. मनोरच्या पुढे हायवेला जे मोठं रिसॉर्ट आहे, तिथे बॉयलरवाल्यांचं अधिवेशन यंदा पुन्हा भरणार आहे आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले काही अटेंडंट पहिल्यांदाच तिकडे जाणार आहेत. तू गेल्या वर्षी जाऊन आलास, तर जाणाऱ्यांना चार गोष्टी सांग, असं ताई म्हणाल्या. मी म्हणलं, ताई, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, मला लिहायला कुठं येतं. त्या म्हणाल्या, बोलतोस तसं लिही, शुद्धलेखन मी बघते. तेव्हा यातलं शुद्धलेखन ताईंचं आणि राग माझा, असं समजून वाचा.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखान्यात कापड रंगवायचं असो की औषधाची पावडर सुकवायची असो, वाफ लागते. ती वाफ बॉयलर देतो. आत भट्टी पेटलेली, तिच्या वर आणि आजूबाजूला पाणी. बाहेरच्या अंगाला एक उभी काच असते, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. अटेंडंटची सगळी नोकरी म्हणजे ती काच. पाणी काचेतून खाली गेलं आणि आत लोखंड उघडं पडून लाल झालं, की मग घाबरून त्यावर थंड पाणी सोडणारा माणूस स्वतःही जातो आणि शेडही घेऊन जातो. म्हणून बॉयलरला एकटं सोडायचं नसतं. हे कायद्यात आहे आणि आमच्या शेडच्या भिंतीवरही तांबड्या रंगात लिहिलेलं आहे.

मला हे शिकवलं जनूकाकांनी. मी हिंगोलीकडचा. वडील शिवणकाम करायचे. त्यांची नजर गेली तेव्हा मी आठवीत होतो. मशीन विकलं आणि चुलतभावाबरोबर बोईसरला आलो. बॉयलरच्या तोंडाशी ब्रिकेट टाकायचं काम मिळालं. ब्रिकेट म्हणजे भुसा दाबून केलेले जळणाचे ठोकळे. समुद्राची हवा सोसेना, अंगावर पुरळ, रात्री रडायचो. जनूकाका त्या शेडचे अटेंडंट, जवळच्याच समुद्रकाठच्या शिरगावचे. ते मला नावाने हाक मारत नसत. “ए हिंगोली, भात नाय जेवलास तर इथं टिकनार नाय तू,” असं म्हणून त्यांनी मला पहिल्याच महिन्यात घरी नेलं आणि काकींनी ताटात जो भात वाढला तो मी अजून जेवतोच आहे म्हणा ना. परीक्षेला बसायला त्यांनी लावलं, पुस्तकातलं इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं, तर शिरगावच्या एका मास्तरांकडून ते समजून घेऊन दुसऱ्या दिवशी मला समजावत. आज मी अटेंडंट आहे तो त्यांच्यामुळे. हे उपकार फिटणारे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत, अंगावर राहू द्यायचे आहेत.

काकांची एक पद्धत होती. पाळी बदलताना येणाऱ्या माणसाने आधी काचेचा खालचा नळ उघडायचा, पाणी खाली जाऊ द्यायचं, बंद केल्यावर ते आपसूक वर चढतंय का बघायचं. मग वाफेच्या दाबाचा काटा बघायचा, पाणी चढवणाऱ्या पंपावर हात ठेवायचा. आणि मग मोठ्याने म्हणायचं, “घेतला.” तोपर्यंत जाणाऱ्याने डबासुद्धा उचलायचा नाही. एकदा होळीच्या दिवशी काकांचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, रंगात आणि जरा तारेत आला आणि दारातूनच घेतला, घेतला म्हणाला. काका स्टुलावरून हलले नाहीत. “तू घेतला म्हंतोस, पन मी दिलाच नाय ना,” म्हणाले आणि त्याला घरी पाठवून दुसरी पाळी स्वतः केली. काकींनी पुरणपोळी गेटवर आणून दिली.

अशा माणसाच्या नावापुढे ‘अटेंडंट जागेवर नव्हता’ असा शेरा आहे. माझा राग तिथून सुरू होतो.

झालं ते असं. तेव्हा मी अजून ब्रिकेटच टाकत होतो. साळवी साहेब पाळीचे इन्चार्ज होते, आता ते आमचे मॅनेजर आहेत. ब्रिकेटचा ट्रक गेटजवळ रुतला होता आणि मागे गाड्या अडल्या होत्या. साहेब शेडच्या दारात आले आणि काकांना म्हणाले, जरा तिकडे जा, गाडी मागे घ्यायला माणसं कमी पडतायत. काका म्हणाले, साहेब, रिलीव्हर द्या, जातो. साहेब म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, त्याला रिलीव्हर कशाला? काका पुन्हा म्हणाले. साहेबांनी आवाज चढवला. काका गेले. उभ्या नोकरीत पहिल्यांदा ‘घेतला’ न ऐकता गेले. मी जळणाच्या ढिगावर उभा होतो आणि हा प्रत्येक शब्द मी ऐकला.

ते गेले आणि पंप बंद पडला. परत येऊन बघतात तर काच रिकामी. त्यांनी मला ओरडून बाहेर घालवलं, भट्टी विझवली, पाण्याला हात लावला नाही. कुणी मेलं नाही. बॉयलरच्या आतल्या नळ्या गेल्या आणि काकांचा उजवा हात वाफेने भाजला. चौकशी झाली. मला बोलावलं, मी जे ऐकलं ते सांगितलं. समोरचे मान हलवत होते, पण लिहिणारा लिहीत नव्हता. तू जळण टाकणारा, तुला बॉयलरमधलं काय कळतं, असं म्हणून मला बाहेर काढलं. मला बॉयलरमधलं कळत नव्हतं हे कबूल. पण ‘जा’ या शब्दाचा अर्थ आमच्या हिंगोलीतही कळतो.

तो शेरा घेऊन काकांना दुसऱ्या कुठल्या कारखान्याने बॉयलरजवळ उभं केलं नाही. ते आता पालघरच्या एका मंगल कार्यालयात वॉचमन आहेत.

गेल्या वर्षी अधिवेशनवाल्यांनी कारखान्यांना कळवलं की या खेपेस अटेंडंटही हवेत. कंपनीने माझं नाव दिलं. साळवी साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं की कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तू येतोयस. खोटं कशाला सांगू, मला लई आनंद झाला. साहेब वाईट माणूस नाहीत हेही इथे लिहिलं पाहिजे. वडील शेवटचे आजारी असताना त्यांनी मला न मागता सुटी दिली होती. मी आईला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, तिथं तुला काय करावं लागेल? तेच मीही स्वतःला विचारत होतो. कुठे बसायचं, कुणाला नमस्कार करायचा, इंग्रजीत कुणी काही विचारलं तर काय.

जाण्याआधी शिरगावला काकांना सांगायला गेलो. कार्यक्रमाचा कागद त्यांना दाखवला. दुपारनंतर एक भाषण अपघातांवर होतं आणि त्यापुढे प्रश्नोत्तरं असं लिहिलेलं होतं. काकांनी कागद खाली ठेवला.

“तिकडं मोठी मानसं येतील,” ते म्हणाले. “माझं नाव काडू नको. एकच ईचार. पाठवलेला मानूस गेला, तर तो गेला म्हंतात का पळाला म्हंतात?”

मी म्हणलं, विचारतो. काकींनी सकाळसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. मी म्हणलं, काकी, तिथे जेवण आहे. त्या म्हणाल्या, असंल, पन तुला कोन वाडंल?

आता सूचना. दारात गळ्यात अडकवायला एक कार्ड देतात, त्याचा रंग आधी बघा. पिवळं कार्ड म्हणजे प्रतिनिधी. माझं निळं निघालं. निळं म्हणजे स्टॉलवरची माणसं. मी टेबलावरच्या मुलीला म्हणलं, मॅडम, मी प्रतिनिधी आहे. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, कंपनीने तुम्हाला यातच टाकलंय. आईला मी काय सांगून बसलो होतो ते आठवलं. तिथे सगळा दिवस लोक तोंडाकडे बघत नाहीत, छातीवरच्या कार्डाकडे बघतात. पिवळं दिसलं की हात पुढे येतो. निळं दिसलं की विचारतात, बाथरूम कुठंय.

आमच्या कंपनीचा स्टॉल होता. त्यात काचेचा छोटा बॉयलर, लाल-निळे दिवे, चॉकलेटांचा वाडगा आणि चकचकीत पत्रकं. मला नवंकोरं हेल्मेट आणि इस्त्रीचा कोट दिला. बॉयलरजवळचा माणूस इतका स्वच्छ मी आजवर पाहिला नव्हता. साळवी साहेब म्हणाले, “इथेच थांब. कुणालातरी पाठवतो, मग तू भाषणं ऐकायला ये.” आणि गेले.

आता माझी चूक म्हणा की सवय. दुसरा कुणी असता तर थोड्या वेळाने निघून गेला असता. शेजारच्या सगळ्या स्टॉलवरचे तेच करत होते. माझा पाय उचलेना. साहेबांनी जागा दिली होती आणि रिलीव्हर आला नव्हता. तो बॉयलर काचेचा होता, त्यात दिव्याशिवाय काही पेटत नव्हतं, हे मला दिसत होतं की. पण अंगात जे मुरलं आहे ते दिव्याला ओळखत नाही. मी त्या चॉकलेटच्या वाडग्याला पहारा देत उभा राहिलो, नवे बूट चावत होते, आणि लोक येऊन माझ्याबरोबर फोटो काढून जात होते. अटेंडंटही हवेत असं जे कळवलं होतं, त्या अटेंडंटचा एवढाच उपयोग होता. शेजारच्या स्टॉलवरचा पोरगा दूरवरून बॉयलर चालवायचं यंत्र विकत होता. दर गिऱ्हाईकाला सांगायचा, “सर, इसमें आदमी की ज़रूरत ही नहीं.” सांगताना हात माझ्याकडे करायचा, जसं काही मी तो नको असलेला आदमी. दुपारी तोच मला म्हणाला, भैया, जरा मेरा स्टॉल देखना, मैं खाना खाके आता हूँ. त्याच्या बिनमाणसाच्या यंत्रालाही राखायला माणूस लागला तो मीच.

जेवणाचा मंडप पिवळ्या कार्डांचा होता. निळ्यांना पाकिटं येणार होती, ती आली नाहीत. काकींचा डबा उघडला तसा स्टॉलच्या त्या थंडगार हॉलमध्ये बोंबलाचा वास असा काही सुटला की पत्रकं घ्यायला आलेली दोन माणसं मागच्या मागे वळली. मला हसूही येईना आणि डबाही झाकवेना.

“बोंबील शिरगावचा का सातपाटीचा?” समोरून आवाज आला. पाण्याच्या बाटल्यांच्या टेबलावर उभ्या असलेल्या बाई विचारत होत्या. रिसॉर्टच्या साफसफाईच्या कपड्यांत होत्या, वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या.

म्हणलं, शिरगावचा. या, जेवा.

नाव सुनंदाताई, मनोरजवळच्या पाड्यावरच्या. त्यांचा भात होता, माझी भाकरी. टेबलाआड उभ्यानेच जेवलो. जेवताना त्यांनी विचारलं, सकाळपासून बघते, बाकीचे फिरतात, तुमीच का खांबासारखे उभे? मी त्यांना काकांचं सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. दिवसभरात माझ्याशी बाथरूम सोडून दुसरं काही बोललेलं ते पहिलं माणूस होतं.

अपघातांवरचं भाषण सुरू झाल्याचं शेजारच्या भाषणांच्या हॉलच्या दारावरच्या पडद्यावर दिसलं. साहेबांना फोन लावला, बंद. मेसेज टाकला, उत्तर नाही. दारातून टाळ्या ऐकू येत होत्या. काकांचा प्रश्न माझ्या खिशात नव्हता, छातीवर होता, त्या निळ्या कार्डाखाली, आणि मी चॉकलेटं राखत होतो. मला माझीच चीड आली. पण पाय उचलेना तो उचलेनाच.

सुनंदाताई बघत होत्या. “जावा ना,” म्हणाल्या. “मी हाय.”

मी म्हणलं, ताई, असं नाही चालत. तुम्हाला घ्यावा लागेल.

“काय घ्यावा?”

मी सांगितलं. काचेच्या बॉयलरचं बटण कुठे, दिवा विझला तर काय, कुणी विचारलं तर कुठलं पत्रक द्यायचं. त्यांनी खरोखरच एकेक हात लावून बघितलं. माझी थट्टा केली नाही. दिव्याचं बटण बंद करून पुन्हा लावलं, वाडगा सरळ केला, पदर खोचला.

“घेतला,” त्या म्हणाल्या. “आता पळा.”

हॉलमध्ये अंधार आणि थंडी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, शाल न्या, संकोच करू नका. पांढऱ्या कव्हराच्या खुर्च्यांवर बसू नका, त्या पाहुण्यांच्या असतात. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर आमची शेड होती.

कंपनीचं नाव झाकलेलं होतं. पण मोठ्या व्हॉल्व्हच्या चाकाला हात भाजू नये म्हणून बांधलेला लाल चौकटीचा पंचा मी ओळखला. तो काकांचा. फोटोखाली इंग्रजीत ओळ होती. मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, पण ती ओळ मला वाचावी लागली नाही. वक्ते चष्मेवाले, आवाज गोड. ते इंग्रजीत सांगत होते, मधूनच मराठीत. माणसाचा निष्काळजीपणा, म्हणाले. यंत्र आपलं काम करत होतं, माणूस जागेवर नव्हता. पुढच्या रांगांतल्या माना हलल्या. त्यांत एक मान साळवी साहेबांची होती. आपण पाठवलेल्या माणसाच्या फोटोसमोर बसून ते मान हलवत होते, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की ती मान खोटी हलत नव्हती. त्यांना खरंच तसंच वाटत होतं. दोन मिनिटांसाठी पाठवणं हे पाठवण्यात धरतच नाहीत ही माणसं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एक मुलगी माइक घेऊन फिरत होती. मी हात वर केला. ती आली, कार्ड पाहिलं आणि पुढे गेली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी हात खाली घेतला. बॉयलरच्या शेडमध्ये पंख्याच्या आणि पंपाच्या आवाजावरून बोलणाऱ्या माणसाला माइक लागत नाही, हे मला तोवर आठवलंच नव्हतं.

“साहेब,” मी म्हणलं, “पाठवलेला माणूस गेला, तर तो गेला म्हणतात का पळाला म्हणतात?”

सगळा हॉल मागे वळला. वक्त्यांनी हसून विचारलं, कुठल्या संदर्भात? मी म्हणलं, त्या फोटोच्या. त्याला जागेवरून कुणी पाठवलं, हे रिपोर्टमध्ये आहे का?

त्यांचं हसू गेलं नाही, पण थांबलं. “मी कंपनीने दिलेला रिपोर्ट दाखवतोय,” ते म्हणाले. “त्यात एवढंच आहे.” त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, विषय चांगला आहे पण व्यक्तिगत आहे, चहाच्या वेळी बोलू. आणि पडदा बदलला.

चहाच्या वेळी बोलू याचा अर्थ, पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, नीट ध्यानात ठेवा. मी चहाच्या मंडपाच्या दारात थांबलो, आत निळ्या कार्डाला जाऊ देत नव्हते. वक्ते मागच्या दाराने गाडीत बसले. हातात फुलांचा गुच्छ होता.

साळवी साहेब मात्र आले. रागाने आले असते तर बरं वाटलं असतं. ते दुखावल्यासारखे आले. मी तुला इथे आणलं, म्हणाले. मी म्हणलं, तुमचे उपकार आहेत साहेब, पण प्रश्न खरा आहे. त्यावर ते जे बोलले ते माझ्या कानात अजून आहे.

“स्टॉल सोडून तू आलासच कसा, गजानन?”

“रिलीव्हर ठेवून आलो, साहेब.”

“कोण?”

“पाण्याच्या टेबलावरच्या ताई.”

ते हसले. “झाडूपोछावाली बाई तुझी रिलीव्हर? ती निघून गेली असती तर?”

“नाही जाणार. त्या घेतला म्हणाल्यात.”

त्यांनी मान हलवली, मघाच्यासारखीच. मी स्टॉलवर परतलो. सुनंदाताई तिथेच होत्या, काचेच्या बॉयलरसमोर, हात बांधून. त्यांचा मुकादम समोर उभा राहून ओरडत होता की मंडपात उष्ट्या ताटांचा ढीग पडलाय आणि तू इथे शोभेला उभी. हे भाऊ आल्याबिगर मी हलनार नाय, एवढंच त्या सांगत होत्या. मी म्हणलं, घेतला ताई. तेव्हा त्या हलल्या. जाता जाता विचारलं, ईचारला? म्हणलं, विचारला. काय म्हनले? म्हणलं, चहाच्या वेळी बोलू.

“म्हंजे नाय,” त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला गेल्या.

शिरगावला जायला मला धीर होईना. उत्तर आणलं नव्हतं. शेवटी रविवारी गेलो. काका पडवीत बसले होते, भाजलेल्या हाताची कातडी चकचकते म्हणून ते तो हात मांडीखाली ठेवतात. मी सगळं सांगितलं, फोटोचं, पंचाचं, फुलांच्या गुच्छाचं. मला वाटलं, उत्तर काय आलं ते विचारतील. त्यांनी ते विचारलं नाही.

“स्टॉलवर कोनाला ठेवलास?”

सुनंदाताईंचं सांगितलं.

“घेतला म्हनाली?”

“म्हणाल्या. सगळं हात लावून बघितलं आणि मग म्हणाल्या.”

काका म्हणाले, “मंग तुला कोन काय बोलंल ते बोलू दे. माझ्या वेळेस तेवडं म्हनायला कोन नव्हता रे, हिंगोली.”

काकी आतून म्हणाल्या, भात वाडलाय.

यंदाच्या जाणाऱ्यांत माझं नाव नाही. दरवर्षी नव्यांना संधी द्यायची आहे, असं साहेबांनी सांगितलं. चांगलं आहे. साहेब माझ्याशी नीट वागतात, माझी नोकरी आहे, आणि मी रोज पाळीला त्याच शेडमध्ये त्याच काचेसमोर बसतो. मागच्याच महिन्यात मला दारातून सांगितलं गेलं, जरा तिकडे जा. मी म्हणलं, रिलीव्हर द्या. दोन मिनिटांचं काम आहे, असं पुन्हा म्हटलं गेलं. मी स्टुलावरून उठलो नाही. अजून तरी मला कुणी उठवलेलं नाही, पण सांगणारे सांगायचे थांबलेले नाहीत, आणि पडद्यावर तो फोटो यंदाही येईल, लाल पंचासकट.

म्हणून जाणाऱ्यांनो, जुने बूट घाला, शाल घ्या, घरून डबा न्या, वास आला तर येऊ द्या. कार्ड कुठल्याही रंगाचं मिळो. अपघातांवरचं भाषण असेल तिथे जा, आणि माइक पुढे गेला तर आपल्या आवाजात विचारा: पाठवलेला माणूस गेला, तर तो गेला म्हणतात का पळाला म्हणतात? मी विचारून झालं आहे. उत्तर आलेलं नाही, तेव्हा माझी पाळी संपली असं मी मानत नाही. हा प्रश्न मी इथे, या पानावर ठेवतो आहे. नीट हात लावून बघा, तपासा, घाई करू नका.

पण तुमच्यातल्या कुणीतरी मोठ्याने म्हणा. तोवर मी डबा उचलणार नाही.